दूषित माती आणि लँडफिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांचे पर्यावरण अधिकारी, पेट्रोल पंपचालक, जुन्या औद्योगिक जमिनीवर इमारत बांधणारे आणि त्यांचे खोदकामाचे ठेकेदार यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे महाराष्ट्रातल्या व्यवहाराला धरून दिली आहेत. कायदा केंद्राचा असल्याने गोव्यातही तोच लागू होतो. एक गोष्ट सुरुवातीलाच: गाडी अडते लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, फाटकावर, पण चूक झालेली असते ती खड्ड्यात. जी माती कागदावर लिहिली तीच डंपरमध्ये असली, तर पुढचे काम बहुतेक सुरळीत होते.

माती दूषित आहे हे बघून कळते का?

कधी कळते, बहुतेकदा नाही. डिझेल मुरलेली काळी माती तुकतुकीत दिसते, वास मारते आणि पाण्यात टाकली की वर सप्तरंगी तवंग धरते. क्रोमियम-६ (क्रोमियमचे विषारी रूप) असलेली माती वाळल्यावर पिवळी खार सोडते. शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशके मात्र डोळ्यांना किंवा नाकाला पत्ता लागू देत नाहीत. म्हणून आधी जागेचा इतिहास काढा: टाक्या कुठे होत्या, आम्लाची पिंपे कुठे उतरवत, ट्रान्सफॉर्मर कुठे होता, सांडपाण्याची जुनी चारी कुठून जात होती. तीस वर्षे नोकरी केलेला एखादा फिटर यातले जेवढे सांगतो, तेवढे नकाशातून कळत नाही.

माती 'घातक कचरा' आहे की नाही हे कशावरून ठरते?

४ एप्रिल २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांवरून. त्यात दोन वाटा आहेत. अनुसूची १ मध्ये प्रक्रियांची यादी आहे; तुमचा माल त्या यादीतला असेल, उदाहरणार्थ तेलाचा गाळ किंवा सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ, तर तो उगमामुळेच घातक. नुसती माती यादीत चपखल बसत नाही तेव्हा अनुसूची २ उघडायची. तिचे तीन वर्ग आहेत: 'अ' मध्ये मातीतून पाण्यात किती उतरते त्याच्या मर्यादा, 'ब' मध्ये मातीतल्या एकूण प्रमाणाच्या मर्यादा, आणि 'क' मध्ये गुणधर्म, म्हणजे पेट घेणे, गंजवणे, स्फोटक किंवा विषारी असणे.

वर्ग 'अ' मधले नेहमी लागणारे आकडे, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये: आर्सेनिक ५, शिसे ५, क्रोमियम ५, कॅडमियम १, पारा ०.२, बेंझीन ०.५. वर्ग 'ब' मधला पंपचालकांना लागणारा आकडा म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन ५,००० मिलिग्रॅम प्रति किलो. आकडा मर्यादेइतका किंवा वर गेला की माती घातक. 'थोडीशीच वर आहे' असा वर्ग नियमात नाही.

टीसीएलपी चाचणीत प्रयोगशाळा नेमके करते काय?

टीसीएलपी म्हणजे मातीतून पाण्यात किती उतरते ते मोजणारी, वर्ग 'अ' साठीची चाचणी. ती मातीला लँडफिलच्या पोटातली वाईट परिस्थिती दाखवते: आजूबाजूला कुजणारा कचरा, आंबट पाणी. मातीचे ढेकूळ ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक करतात, १०० ग्रॅम माती घेतात आणि तिच्या वीसपट वजनाचे, म्हणजे दोन किलो अॅसेटिक आम्लाचे द्रावण घालतात. साध्या मातीसाठी द्रावणाचा सामू (पीएच) ४.९३, माती फार अल्कधर्मी असेल तर २.८८. बाटली मिनिटाला सुमारे ३० फेऱ्यांनी १८ तास उलटीपालटी फिरते. मग काचतंतूच्या गाळणीतून गाळून खालच्या पाण्यात धातू मोजतात. बेंझीनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी वेगळे, हवा न राहणारे भांडे लागते. साध्या बाटलीतून काढलेला बेंझीनचा आकडा कमी आला तर त्याचा आनंद मानू नका. बेंझीन मातीतून प्रयोगशाळेच्या हवेत गेले, एवढेच त्याने सिद्ध होते.

दरवेळी टीसीएलपी करायलाच हवी का? खर्च येतो.

नाही. मातीपेक्षा द्रावण वीसपट असते, म्हणून मातीतला सगळाच्या सगळा धातू विरघळला असे धरले तरी द्रावणातला आकडा एकूण प्रमाणाच्या विसाव्या भागापेक्षा जास्त होऊ शकत नाही. समजा एकूण शिसे ९० मिलिग्रॅम प्रति किलो आहे. विसाने भागले की ४.५ येते, मर्यादा ५. शिशासाठी टीसीएलपीची गरज उरली नाही. एकूण शिसे ४०० असेल तर भागाकार २० येतो. मग चाचणी करावीच लागते, कारण प्रत्यक्षात ०.५ उतरेल की १२ हे मातीच्या प्रकारावर ठरते. आधी एकूण प्रमाण तपासा, भागाकार करा आणि अडणाऱ्या धातूंचीच टीसीएलपी मागवा.

आमच्या मातीत निकेल, तांबे, क्रोमियम जास्त दाखवले. इथे तर कधी कारखानाच नव्हता.

बहुधा खरे बोलताय. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत हे धातू मुळातच असतात, कोकणातल्या जांभ्यातही क्रोमियम सापडते. परदेशी मार्गदर्शक आकड्यांशी तुलना केली की आपली स्वच्छ शेतजमीनही दूषित वाटू शकते. उपाय सोपा आहे: त्याच खडकावरची, पण कामाच्या जागेपासून दूर आणि उताराच्या वरच्या बाजूची माती घेऊन तिचीही चाचणी करा. दोन्हींचे आकडे सारखे असतील आणि टीसीएलपीत काही उतरत नसेल, तर धातू खनिजात अडकलेला आहे. हा तुलनेचा नमुना पहिल्याच दिवशी घ्या; अहवाल वादात सापडल्यावर घेतलेल्या नमुन्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

नमुने कसे आणि किती घ्यायचे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पोकलेन चालवणारा सगळी माती एकाच ढिगात ओततो, कुणीतरी वरून एक पिशवी भरतो आणि त्या पिशवीच्या जोरावर शेकडो टन मातीचे भवितव्य ठरते. पिशवीत स्वच्छ मुरूम आला तर घातक माती भरावात जाते. टाकीखालचा काळा थर आला तर चांगल्या मुरुमाचेही घातक कचऱ्याच्या दराने बिल भरावे लागते.

खोदतानाच ढीग वेगळे करा. वरचा भराव, मधला स्वच्छ मुरूम, वासाचा थर, आणि वास संपल्यावरचा खालचा थर असे चार ढीग, प्रत्येकाखाली जाड प्लॅस्टिक आणि वर ताडपत्री. धातूंसाठी प्रत्येक ढिगाच्या पाच ठिकाणांहून, पृष्ठभाग बाजूला सारून हातभर आतून माती घ्या, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका; किलोभर उरेपर्यंत हेच करा. ढीग जितका विजोड, तितके असे नमुने जास्त.

उडणाऱ्या रसायनांसाठी मात्र कधीच मिसळू नका. ताज्या कापलेल्या जागेतून थेट काचेच्या बाटलीत, काठोकाठ, झाकण घट्ट, लगेच बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास. पिशवीत भरून दुपारभर जीपच्या डिकीत ठेवलेला पेट्रोलचा नमुना पाठवला नाही तरी चालेल. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकित आणि पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यताप्राप्त आहे का, तिच्या यादीत तुम्हाला हवी ती चाचणी आहे का, दोन्ही बघा.

किती माती निघेल याचा अंदाज कसा बांधायचा?

पेट्रोल पंपाची एक टाकी काढताना ६ मीटर लांब, ४ रुंद, ३ खोल खड्डा झाला असे धरू. ७२ घनमीटर. जमिनीतली माती घनमीटरला सुमारे १.८ टन भरते, म्हणजे १३० टन. पण खोदलेली माती पाव पट फुगते, त्यामुळे ढिगाला ९० घनमीटर जागा लागेल आणि १६ टनी गाडीच्या नऊ खेपा. लँडफिलचे बिल वजनावर असते. एक पावसाळी रात्र ढीग उघडा राहिला तर काळी माती पाणी पिऊन बसते आणि तुम्ही पाण्याचेही पैसे भरता. वर ती चिखल झाली म्हणून फाटकावर नाकारली जाते ते वेगळेच.

घातक नाही ठरली, मग महापालिकेच्या डंपिंग ग्राउंडवर टाकली तर?

नाही, आपण होऊन नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी शहराच्या भूभरावात, म्हणजे लँडफिलमध्ये, फक्त निष्क्रिय माल सांगितला: जो कुजत नाही, जळत नाही, कशाशी अभिक्रिया करत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही. तिथे रोज १० सेंटिमीटर मातीचा थर आणि पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर द्यावा लागत असल्याने माती हवीच असते, आणि ठेकेदाराला हा रस्ता मोहवतो. पण राज्यातली कित्येक 'लँडफिल' म्हणजे अस्तर नसलेले जुने ढीग आहेत. मर्यादेच्या जरा खाली असलेली माती तिथे टाकणे म्हणजे ती भूजलात टाकणेच. अशा मातीचा अहवाल जोडून स्थानिक संस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून लेखी मत घ्या. तोंडी 'टाका' चालणार नाही.

घातक ठरली. आता जायचे कुठे?

घातक कचऱ्यावर प्रक्रिया, साठवण आणि विल्हेवाट करणाऱ्या सामायिक केंद्रात. लोक त्याला टीएसडीएफ म्हणतात. महाराष्ट्रात अशी केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत, गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले इथे. आधी केंद्राचे सभासदत्व, मग मालाचा सविस्तर अहवाल, मग केंद्राकडून लेखी स्वीकृती. तुमच्या मंडळाच्या संमतीपत्रात या मालाचा उल्लेख नसेल तर तो आधी घालून घ्यावा लागतो. एकदाच निघणाऱ्या मालासाठीसुद्धा. जागेवर साठवण ९० दिवसांपर्यंतच. खोदकाम आधी आणि अर्ज नंतर केला तर हे ९० दिवस चाचण्या आणि पत्रव्यवहारातच सरतात, म्हणून क्रम उलटा ठेवा.

घातक माती केंद्र थेट पुरते का?

फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत बसली तर. हे निकष अनुसूची २ पेक्षा कडक आहेत आणि इथेच गफलत होते. लीचेटमधल्या, म्हणजे मालातून उतरलेल्या पाण्यातल्या मर्यादा, मिलिग्रॅम प्रति लिटर: शिसे २, आर्सेनिक १, क्रोमियम-६ ०.५, कॅडमियम ०.२, पारा ०.१, निकेल ३, तांबे आणि जस्त प्रत्येकी १०, सायनाइड २, फ्लोराइड ५०. सामू ४ ते ११ च्या दरम्यान. तेल-ग्रीससारखे पदार्थ वजनाच्या ४ टक्क्यांहून कमी. न कुजणाऱ्या मालात सेंद्रिय भाग २० टक्क्यांहून कमी, कुजणाऱ्यात ५ टक्क्यांहून. दाबबळ चौरस मीटरला ५० किलोन्यूटनहून जास्त, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो. नाहीतर वर फिरणारा डोझरच रुतेल.

आता शिशाचे ३ मिलिग्रॅम उतरणारी माती घ्या. अनुसूची २ च्या हिशेबाने ती शिशामुळे घातक नाही, पण दुसऱ्या कारणाने घातक ठरली असेल तर तिला थेट पुरताही येत नाही. एक यादी माल घातक आहे का ते सांगते, दुसरी तो सेलमध्ये (भूभरावाच्या कप्प्यात) थेट जाईल का ते. प्रयोगशाळेला दोन्ही याद्या द्या, आणि कुठल्या मर्यादेसाठी कुठली लीचेट चाचणी हवी हे केंद्राला विचारूनच नमुना पाठवा.

निकषात बसत नसेल तर केंद्र काय करते?

धातू असतील तर स्थिरीकरण: सिमेंट, चुना, फ्लाय अॅश घालून धातू अडकवायचा आणि मातीला बळ द्यायचे. हे मिक्सरमधले काँक्रीट नव्हे; प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी. क्रोमियम-६ ला नुसते सिमेंट दिले तर तो तसाच सुटतो, कारण अल्कधर्मी पाण्यात तो आनंदाने विरघळतो. त्याला आधी फेरस सल्फेट देऊन क्रोमियम-३ करावे लागते, पिवळी माती हिरवट पडते, आणि मग सिमेंट. आर्सेनिकला लोहाची लवणे, पाऱ्याला गंधक, शिशाला फॉस्फेट. शिशाच्या मातीत 'अजून थोडा चुना टाक' म्हणणाऱ्याला आवरा: सामू ११ च्या वर गेला की बसलेले शिसे पुन्हा विरघळू लागते आणि दुसरी चाचणी पहिलीपेक्षा वाईट येते. तेलकट मातीत सिमेंट नीट धरतच नाही. म्हणून आधी चार-पाच छोट्या भांड्यांत वेगवेगळी प्रमाणे करून, मुरवून, पुन्हा लीचेट चाचणी करून कृती ठरवतात. स्थिर केलेली माती पुन्हा निकषांत बसल्याशिवाय सेलमध्ये जात नाही. वजन वाढते, आणि त्याचे पैसे कोण देणार हे करारात आधीच लिहून घ्या.

सेंद्रिय विषे असली तर?

दर किलोला २,५०० किलोकॅलरीहून जास्त उष्मांक असलेला माल भूभरावाऐवजी भट्टीकडे वळवतात. मातीचा उष्मांक सहसा एवढा नसतो, पण कीटकनाशकांसारखी विषे असतील तर ती जाळावीच लागते. भोपाळच्या बंद युनियन कार्बाइड कारखान्यातून जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेलेल्या ३३७ टन मालात १६२ टन मातीच होती. माती जळत नाही. तिच्यातले विष जळते, धातू राखेत उरतात, आणि धूर धुण्याचा चुना मिळून मागे राहिलेल्या अवशेषांचे वजन जाळलेल्या मालापेक्षा जास्त भरते. त्या अवशेषांना पुन्हा भूभरावच लागतो. भट्टी लँडफिलला पर्याय आहे असे समजून हिशेब मांडणाऱ्यांनी हा दुसरा भाग धरलेला नसतो.

सिमेंटच्या भट्टीत, जिथे क्लिंकर (सिमेंटचे भाजलेले खडे) १,४५० अंशांना तयार होतो, काही माती कच्चा माल म्हणून खपते. तिच्यात सिलिका आणि लोह असते. मात्र क्लोरीन आणि पारा जास्त असेल तर सिमेंटवाले घेत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

डिझेल-तेलाची माती पुरण्याऐवजी जागेवरच साफ करता येते का?

बऱ्याचदा येते आणि तेच करावे. ५,००० मिलिग्रॅम प्रति किलो हा घातकपणाचा उंबरठा, तर भूभरावाची ४ टक्के तेलाची मर्यादा म्हणजे ४०,०००. दोन्हींची चाचणी एकच नाही, तरी अंदाज येतो: यांच्यामधली माती तेलाच्या निकषावर पुरता येते, पण सेलची जागा जिवाणू खाऊ शकतील अशा तेलावर घालवणे शहाणपणाचे नाही. टेरी या संस्थेने विकसित केलेले 'ऑइलझॅपर' जिवाणू तेल कंपन्यांच्या गाळावर वापरले जातात. अस्तरावर माती फूट-दीड फूट जाडीने पसरायची, जिवाणूंसोबत नत्र-स्फुरद द्यायचे, ओलसर ठेवायची आणि आठवड्याला नांगरायची. डिझेल काही महिन्यांत उतरते. जळके इंजिन ऑइल आणि डांबरी भाग चिवट. काम फसते ते तीन कारणांनी: काळ्या मातीची ढेकळे फोडलेली नसतात, त्यामुळे आत हवा जात नाही, एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडते, आणि पावसाळ्यात वर छप्पर नसते. याला मंडळाची परवानगी लागते.

ट्रान्सफॉर्मरचे तेल असेल तर आधी पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातले चिवट विषारी रसायन) तपासा. स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातली ५० मिलिग्रॅम प्रति किलोची पातळी ओलांडली तर ना जिवाणू, ना लँडफिल. ते काम परवानाधारक नाश-केंद्राचेच.

चांगली माती मिसळून आकडा खाली आणला तर?

दोन ढीग मिसळून सरासरी खाली आणणे म्हणजे उपचार नाही, लपवाछपवी आहे. १०० टन घातक मातीत ४०० टन चांगली मिसळली की ५०० टन संशयास्पद माती होते, आणि फाटकावरच्या नमुन्यात एखादे काळे ढेकूळ आले की पाचशेचे पाचशे टन अडकतात. वाहतुकीचे बिल पाचपट झालेले असते ते निराळे.

गाडी भरताना आणि रस्त्यावर काय लागते?

घातक कचऱ्यासाठी अधिकृत गाडी, फाळक्याच्या फटी बंद, वर ताडपत्री. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' असे लेबल, मराठीतसुद्धा. चालकाजवळ घातक कचरा नियमांच्या फॉर्म ९ चे ट्रेम कार्ड, ज्यात सांडले तर काय करायचे ते लिहिलेले असते. ते त्याला वाचून दाखवा, नुसते डॅशबोर्डमध्ये कोंबू नका.

आणि फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालाच्या प्रवासाचे नोंदपत्र, सात रंगांच्या प्रतींचा. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाला देतो, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतः ठेवतो, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्र मंडळाला पाठवते, निळी सही होऊन तुमच्याकडे परत येते. करडी प्रत माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळासाठी. विल्हेवाटीसाठी राज्याबाहेर माल न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी लागते.

फाटकावर काय तपासतात?

वजनकाटा, मॅनिफेस्ट, मग ताडपत्री सोडून दोन-तीन ठिकाणांहून खोलवर नमुना. याला फिंगरप्रिंट चाचणी म्हणतात: रंग, पोत, वास, सामू, पेट घेण्याचे तापमान, सायनाइड-सल्फाइड, इतर मालाशी जुळते का. सुट्या पाण्यासाठी एक साधी चाचणी आहे, जी तुम्ही गाडी भरण्यापूर्वी स्वतः करू शकता. ६० मेशच्या, रंग गाळायच्या शंकूच्या आकाराच्या जाळीत १०० ग्रॅम माती घाला आणि पाच मिनिटे थांबा. एक थेंब जरी खाली पडला तरी माल नापास.

नाकारण्याची नेहमीची कारणे: चिखल, मातीत लपलेली पिंपे-चिंध्या-पाइपचे तुकडे, सविस्तर अहवालाशी न जुळणारा रंग किंवा सामू, आणि मॅनिफेस्टवरच्या वजनात मोठी तफावत. पहिल्या गाडीचा माल वरच्या थरातला आणि सातवीचा तळातला असेल, तर फरक दिसणारच. म्हणून ढीग वेगळे ठेवा आणि प्रत्येक ढिगाचा अहवाल वेगळा काढा असे वर सांगितले. गाडी परत आलीच तर ती तुमच्या आवारात, त्याच मॅनिफेस्टवर शेरा घेऊन. 'वाटेत कुठेतरी रिकामी कर' हा फोन करू नका. तसे झाल्यास चालकाबरोबर तुम्हीही जबाबदार.

सुरक्षित भूभराव खालून असतो कसा?

दोन थरांची दुहेरी तटबंदी. प्रत्येक तटबंदीत दाबून बसवलेली चिकणमाती आणि तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पत्रा. चिकणमातीतून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त वेगाने जाता कामा नये. वर्षाचा हिशेब केला तर जेमतेम तीन सेंटिमीटर. वरच्या पत्र्यावर लीचेट गोळा करणारा खडीचा थर, आणि दोन तटबंद्यांच्या मध्ये दुसरा. या मधल्या थराच्या विहिरीत पाणी वाढू लागले की वरचा पत्रा फाटला असे समजायचे. तुम्ही माल देणाऱ्या केंद्राच्या या विहिरीच्या नोंदी मागून बघा. कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा त्या जास्त बोलतात.

पाऊस पडत असताना उघड्या सेलमध्ये माल भरत नाहीत. माल शेडमध्ये थांबतो आणि शेड लवकर भरते. पावसाळ्याच्या तोंडावर खोदकाम काढलेत तर गाड्यांची तारीख आधी पक्की करा. सेल बंद झाल्यावर ३० वर्षे देखरेख ठेवावी लागते.

खड्डा स्वच्छ झाला हे कशावरून?

तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घेऊन, जमिनीच्या पुढच्या वापराप्रमाणे ठरलेल्या आकड्याशी ताडून. कोडाईकॅनलच्या थर्मामीटर कारखान्यात मातीतल्या पाऱ्यासाठी २० मिलिग्रॅम प्रति किलो हे त्या जागेपुरते लक्ष्य ठरले, आणि किती कडक असावे यावर वर्षानुवर्षे वाद झाला. आकडा ठरण्याआधी खड्डा बुजवू नका. खड्ड्यात साचलेले पाणीही दूषित धरा. पंप लावून नाल्यात सोडले की नवी तक्रार उभी.

टँकर उलटला, शेतात रसायन गेले. पहिल्या तासात काय?

पाण्याचा पाइप लावू नका. माती-वाळूचे बांध घालून पसरणे अडवा, विहिरी आणि ओढ्याकडची बाजू आधी. तीव्र आम्लावर चुना ओतला तर उकळी फुटून अंगावर येते. तो कडेने, थोडाथोडा, माहीतगार माणसाच्या हातून. पोलीस, अग्निशमन आणि प्रदूषण मंडळाला कळवा. अपघाताचा अहवाल फॉर्म ११ मध्ये. खरवडलेली माती शेतकऱ्याच्या बांधावर ठेवून जाऊ नका, ती रसायनाच्या मालकाची आणि वाहतूकदाराची.

गावाबाहेर जुनी पिंपे पुरलेली आहेत. मालक सापडत नाही.

२४ जुलै २०२५ च्या दूषित जागा व्यवस्थापन नियमांचा उपयोग इथे होतो. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची यादी मंडळाला देते. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची. जबाबदार व्यक्ती शोधायची, खर्च तिच्याकडून. किरणोत्सारी माल, खाणकाम, समुद्रातले तेल आणि कचऱ्याचे डंपिंग यांना हे नियम लागू नाहीत. ग्रामपंचायतीने गट नंबर, फोटो आणि विहिरींच्या पाण्याच्या तक्रारी जोडून लेखी कळवावे. पिंपे उकरून बघू नका.

डंपिंग ग्राउंडच्या बायोमायनिंगची (जुना कचरा उकरून वेगळा करण्याच्या कामातली) चाळलेली माती शेतात टाकू का? फुकट मिळते.

चाचणीशिवाय नाही. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादा, मिलिग्रॅम प्रति किलो: शिसे १००, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा ०.१५. चाळलेल्या मातीत काचेचा चुरा आणि प्लॅस्टिकही येते.

गाडी गेली, बिल भरले. जबाबदारी संपली?

नाही. नियमांनुसार निर्माता, वाहतूकदार आणि केंद्र तिघेही पर्यावरणाच्या नुकसानीला बांधील राहतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड १० हजार ते १५ लाख रुपयांचा झाला आहे. फॉर्म ३ मध्ये रोजच्या नोंदी, फॉर्म ४ चे वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत. निळी प्रत परत आली नाही तर केंद्राला लेखी विचारा. खोदलेल्या प्रत्येक ढिगाचा अहवाल, त्याच्या गाड्यांच्या वजनचिठ्ठ्या, निळ्या प्रती आणि खड्ड्याच्या तळाचे शेवटचे नमुने एकाच फायलीत लावा आणि ती फाइल जमिनीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. जमीन विकताना खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा तीच मागेल.